डुक्कर फियाटचा मुऱ्हाळी

प्रिय मालूताई,

अक्षर ओळखून पाकीट फळीवर टाकू नकोस. फोन केला की तू "कमळकडे दे" म्हणतेस आणि मी मुकाट्यानं फोन बायकोच्या हातात देतो. पत्राचं तसं करता येत नाही, म्हणून लिहायला बसलोय. शाळा सुटल्यापासून एवढं लांबलचक काही लिहिलेलं नाही, तेव्हा चुका मोजत बसू नकोस. तुझी ती सवय मला ठाऊक आहे. इकडे सगळं बरं आहे. भात झोडून झालं, कोलम यंदा चांगला उतरला, म्हैस व्यायली, ओमकारला भिवंडीच्या गोदामात कायम केलं. हे सगळं कमळनं तुला दर आठ दिवसांच्या फोनवर सांगितलंच असेल. तुम्ही दोघी माझ्या म्हशीचीसुद्धा चौकशी करता, फक्त माझी करत नाही. असो. एक बातमी मात्र कमळनं तुला सांगितलेली नाही, कारण मी तिला देवापुढं शपथ घालून गप्प बसवलंय. दादांची डुक्कर फियाट चालू झाली.

आता "डुक्कर" लिहिलं म्हणून दादा वरून चप्पल फेकतील. आठवतं ना, पाड्यावरची पोरं "डुक्कर आला, डुक्कर आला" म्हणत मागे धावायची आणि दादा गाडी थांबवून, खाली उतरून, त्यांना समजावून सांगायचे. "फियाट म्हणायचं रे. इटलीची हाय ती." धरणाच्या कामावरच्या इंजिनियरसाहेबांनी बदली होताना ती गाडी त्यांच्या ड्रायव्हरला, म्हणजे आपल्या बापाला, देऊन टाकली, हे खर्डीपासून उंबरमाळीपर्यंत कुणाला खरं वाटायचं नाही. लोकांना वाटायचं, दादांनी कुठून तरी पळवून आणली. तो फुगीर नाकाडा, ती गोल पाठ आणि पुढची दोन्ही दारं उलटी उघडणारी. तुझ्या लग्नात तुझ्या सासरची अर्धं वऱ्हाड नवरीऐवजी ती दारंच बघत होतं. दादा दर रविवारी तिला आंघोळ घालायचे आणि जुन्या धोतरानं पुसायचे. मला पुसायला द्यायचे, हवा भरायला पाठवायचे, पण स्टिअरिंगला हात लावू द्यायचे नाहीत.

आणि भात झोडून झालं की दादा मुऱ्हाळी म्हणून तुला आणायला निघायचे. अठरा वर्षांत एक वर्ष चुकलं नाही. सकाळी सातला इस्त्रीचा सदरा घालून, मागच्या सीटवर तुझ्या सासरसाठी नव्या तांदळाचं पोतं टाकून. शहापूर, किन्हवली करत सरळगावच्या नाक्यावर पोचले की उगाचच हॉर्न वाजवायचे. तिथून तुझं गाव दोन मैलांवर, पण त्यांना वाटायचं, तुझ्या सासूला तो ऐकू जातो. संध्याकाळी तू पुढच्या सीटवर बसून यायचीस, खिडकीतून हात बाहेर. मग आठ दिवस घरात नुसता दंगा. तू माझ्या कपाटात काय काय आहे ते बघायचीस, कमळला माझ्या लहानपणच्या भानगडी सांगायचीस, आणि निघताना माझ्याच चपला घालून जायचीस. दोन वर्षं तुला एस.टी.पर्यंत पोचवायला मी अनवाणी आलोय, विसरली असशील तू.

मग दादा गेले. त्या वर्षी मुऱ्हाळी म्हणून मी यायचं होतं. तेराव्याला सगळ्या पाहुण्यांसमोर, दाजींसमोर, मी छाती काढून बोललो होतो की दादा गेले तरी माझ्या बहिणीचं माहेर गेलेलं नाही, भात झोडून झालं की मी येणार, ह्याच गाडीनं येणार. आणि आलो नाही. तुझ्या गावच्या वाण्याच्या फोनवर निरोप ठेवला की गाडी बंद पडली, एस.टी.नं निघून ये. तुझा उलटा निरोप दुसऱ्या दिवशी आला. "एस.टी.चा रस्ता मला म्हायती हाय. मुऱ्हाळी आल्याबिगर मी माहेरची पायरी चढनार नाय." वाण्यानं तो तुझ्याच आवाजात म्हणून दाखवला. ह्या गोष्टीला बावीस वर्षं झाली. मी तुला आडमुठी म्हटलं, तू मला काय म्हटलंस ते कमळनं सांगितलं नाही. लग्नाकार्यात भेटलो तर मी समोर उभा असताना तू कमळला म्हणतेस, "याला जेवून घ्यायला सांग." मीपण जेवून घेतो.

गाडी मी तेव्हाच बैलांच्या वाड्यात उभी केली आणि वर पेंढा रचला. दरवर्षी वरचा पेंढा गुरं खायची आणि मी नवा रचायचो. यंदा होळी झाल्यावर मी तो सगळा काढला. का काढला ते पुढे सांगतो, आधी आत काय निघालं ते ऐक. मागच्या सीटमध्ये उंदरांच्या तीन पिढ्या. पुढच्या सीटखाली सापाची कात, चांगली हातभर. डिकीत आपल्या काळ्या कोंबडीनं घातलेली अंडी, किती वर्षांपूर्वीची ते देव जाणे, महिपतनं एक फोडलं आणि दोन दिवस आम्ही वाड्याकडे फिरकलो नाही. खालचा पत्रा इतका सडला होता की गाडीत बसून पाय जमिनीवर टेकत होते. कमळ म्हणाली, "ढकलायला बरी हाय."

महिपत म्हणजे तुझ्या वर्गातला महिपत, तुझ्या वेणीला खडू फासणारा. एस.टी.च्या वर्कशॉपमधून तो निवृत्त झालाय आणि घरात बसून सुनेच्या मिक्सरचे स्क्रू काढत होता. सून स्वतः येऊन मला म्हणाली, "काका, यांना कुठं तरी घेऊन जा." तेव्हापासून बैलांच्या वाड्याचं गॅरेज झालंय. गव्हाणीत पाने आणि हातोड्या, दावणीच्या खुंट्यांना पट्टे आणि नळ्या टांगलेल्या. महिपत सकाळी आठला डबा घेऊन येतो, ड्युटीवर आल्यासारखा. तो तुझी चौकशी करत असतो. हे दाजींना सांगू नकोस.

पहिला महिना आम्ही नुसता गंज खरवडला. रॉकेल, पॉलिश पेपर आणि शिव्या. इंजिन पार जाम. महिपतनं प्लग काढले, त्या भोकांतून तेल सोडलं आणि म्हणाला, आता हिला निजू दे. रोज सकाळी यायचा, पुढून हँडल लावून जोर करायचा, हलत नाही बघून चहा प्यायचा. नवव्या दिवशी हँडल अर्धा फेरा फिरलं. आम्ही दोघं बाप्ये पन्नाशी-साठीचे, वाड्यात नाचलो. मग त्यानं इंजिन खोललं, एक एक भाग पोत्यावर मांडला, चष्मा लावून बघितलं, पुसलं, पुन्हा बघितलं, आणि मला म्हणाला, "चंदर, या इंजिनाला काय बी झालेलं नव्हतं रे. उभं राहून राहून जाम झालं. मंग तू बंद कशापायी केलीस?" मी म्हटलं, चहा टाकतो. पुढं उजव्या मडगार्डचा पोचा काढताना त्याच्या आत वाळलेला चिखल निघाला, भातखाचरातला, त्यात धसकटंसुद्धा होती. महिपतनं ती धसकटं हातावर घेऊन माझ्याकडे बघितलं. मी पुन्हा चहा टाकला. त्या दिवशी आमचे सात चहा झाले.

रेडिएटरची गंमत तर सांगायलाच हवी, ती गाडी चालू झाल्यानंतरची, पण आधीच सांगतो. तो थोडा थोडा गळत होता. महिपत म्हणाला, आमच्याकडं जुने ड्रायव्हर अशा वेळी पाण्यात चिमूटभर हळद टाकायचे, बारीक भोकं बुजतात. हे त्यानं मला सांगितलं, मी कमळला सांगितलं, आणि चिमूटभर हा शब्द मधल्या मध्ये कुठं पडला कुणास ठाऊक. कमळनं लग्नाच्या हळदीसाठी कुटून ठेवतात तशी डबाभर आणली आणि ओतली सगळी. वर म्हणते, "एवढी मोठी गाडी, चिमटीत काय होतंय?" इंजिन तापलं आणि झाकण उडालं. पिवळं कारंजं थेट वाड्याच्या कौलांपर्यंत. महिपत, मी, म्हैस, वासरू, सगळे पिवळे. त्याच दिवशी महिपतनं नातवाच्या बारशाला जायचा पांढरा सदरा घातला होता. पाड्यावरच्या बाया बघायला आल्या आणि नवरा कोण, नवरी कोण म्हणून विचारायला लागल्या. रेडिएटर धुवायला चार दिवस लागले. म्हैस अजून पिवळट दिसते.

बाकीचं सामान ओमकारनं मुंबईच्या जुन्या बाजारातून हुडकून आणलं. त्याला आधी वाटलं, बापाच्या डोक्यावर परिणाम झाला. मग एका रविवारी बघायला म्हणून वाड्यात आला तो संध्याकाळीच बाहेर पडला, कोपरापर्यंत काळा होऊन. सीटा शहापूरला शिवून घेतल्या. खालचा पत्रा नवीन बसवला, आता पाय खाली टेकत नाहीत. रंग तोच दिलाय, दुधी. आरटीओच्या कागदांसाठी मी जेवढ्या खेपा घातल्या तेवढ्या ओमकारच्या लग्नासाठीसुद्धा घालणार नाही. नवरात्रात घटस्थापनेला, सकाळी दहा वाजता, महिपतनं हँडल मारलं आणि फियाट चालू झाली. तोच आवाज, ताई. मधेच एक ठोका गिळल्यासारखा करायची ना, अजून करते. महिपत म्हणाला, तो ठोकापण काढून टाकतो. मी म्हटलं, हात लावशील तर बघ. मी रडलो. लिहायला लाज कसली, चांगला हुंदके देऊन रडलो, आणि महिपत मडगार्ड पुसत उभा राहिला.

आता महिपतच्या प्रश्नाचं उत्तर. त्याला मी अजून दिलेलं नाही, आधी तुला देतोय. गाडी बंद पडली नव्हती. मला गाडी चालवता येत नव्हती.

हस तू, खुशाल हस. बत्तीस वर्षांचा बाप्या, गाडीवाल्याचा मुलगा, सगळ्या पाड्याला सांगत फिरायचा की दादा झोपले की मी गाडी कसाऱ्यापर्यंत नेऊन आणतो. एकदाही नेली नव्हती. दादांनी मला एकदाच स्टिअरिंगवर बसवलं होतं, मी गाडी भाताच्या भाऱ्यांच्या उडवीत घातली, तेव्हापासून त्यांनी हात लावू दिला नाही. आणि तेराव्याला पाहुण्यांसमोर तोंडातून निघून गेलं. मला वाटलं, त्यात काय आहे, रोज बघतोय. त्या सकाळी मी दादांचा सदरा घातला, तांदळाचं पोतं मागे टाकलं, किल्ली फिरवली. एका झटक्यात चालू झाली. खळ्यापर्यंत गेलोसुद्धा. वळणावर ब्रेक समजून दाबला तो ब्रेक नव्हता. गाडी बांधावर चढली आणि नाक खाली करून खाचरात उतरली. चिखल अजून ओला होता. शेजारच्या नामानं त्याची बैलजोडी आणून ओढून काढली, तेव्हा दुपार झाली होती. नामाच्या पाया पडलो, कुणाला सांगू नकोस म्हणून. तो बिचारा न सांगताच गेला. कमळलाही माहीत होतं. बावीस वर्षं आठ-आठ दिवसांनी तुझ्याशी बोलते, पण नवऱ्याची अब्रू म्हणून तिनं तोंडातून काढलं नाही.

तू म्हणशील, मग एस.टी.नं यायचं होतंस, मुऱ्हाळ्याला गाडी लागते असं कुणी सांगितलं. खरं आहे. दुपारची किन्हवलीची गाडी मिळाली असती. पण दाजींसमोर तोंडानं बोललो होतो ना, ह्याच गाडीनं येणार. पायी पिशवी घेऊन तुझ्या दारात उभा राहिलो असतो तर ते हसले असते असं वाटलं. म्हणून वाण्याला फोन केला आणि इंजिनाच्या नावावर खपवलं. पुढच्या वर्षी येऊ म्हटलं. पुढच्या वर्षी तुझ्या निरोपाचा राग होता. त्याच्या पुढच्या वर्षी नुसती सवय झाली. आणि तूच हट्टी आहेस, एका एस.टी.च्या तिकिटावरून माहेर सोडलंस, असं मी सगळ्यांना सांगत राहिलो, इतकं की मलाही खरं वाटायला लागलं.

माघात मुरबाडला हळदीला आलो होतो तेव्हा तुझी रुचिता माझ्या शेजारी येऊन बसली. मोठी गोड पोर आहे, ताई. तिला वाटलं, मामाला सगळं माहीत आहे. बोलता बोलता म्हणाली, "मामा, त्या दिवशी आई हिरवं लुगडं नेसून सातपासून ओट्यावर बसली होती. आमाला शाळेत बी धाडलं नाय, मामाची गाडी येनार म्हनून." रस्त्यावर जीप वाजली तरी तू उठून उभी राहायचीस. जेवायलाही आत गेली नाहीस. दिवेलागणीला वाण्याचा मुलगा माझा निरोप घेऊन आला. आणि तेव्हापासून तुझ्या सासूनं तुझं नाव "गाडीवाल्याची बहीण" ठेवलं, ते मरेपर्यंत. तुझ्या हातून भाकर करपली तरी गाडीवाल्याची बहीण, पोरं आजारी पडली तरी गाडीवाल्याची बहीण. मला ह्यातलं काहीही माहीत नव्हतं, ताई. मी समजत होतो, तू मानासाठी अडून बसलीस. घरी आलो आणि होळी होईपर्यंत मला अन्न गोड लागलं नाही. माझी फुकटची फुशारकी, आणि चटके तुला बसले. माझं चुकलं. हे मी तुझ्या तोंडावर म्हणायला हवं होतं, बावीस वर्षांपूर्वी.

गाडी खोलायला घेतली त्याच आठवड्यात शहापूरच्या ड्रायव्हिंग क्लासमध्ये नाव घातलं. चोपन्नाव्या वर्षी. माझ्या बॅचला सगळ्या कॉलेजच्या पोरी, आणि शिकवायला अपेक्षा नावाची एक बारकीशी मुलगी. पहिल्या दिवशी मी स्टिअरिंग गच्च धरून बसलो तर म्हणाली, "काका, कासरा नाय तो. सैल धरा." माझ्यामुळे एक केळीवाला आणि दोन कुत्री ह्यांचा जीव टांगणीला लागला, पण कुणाला ओरखडासुद्धा नाही. पहिल्या परीक्षेत नापास झालो, दुसऱ्यांदा पास. पोरींनी मला पेढे भरवले. लायसन्स देवघरात दादांच्या फोटोला टेकवून ठेवलंय. मग फियाटवर पुन्हा पहिल्यापासून शिकलो, कारण तिचा गिअर स्टिअरिंगच्या दांडीला. महिपत शेजारी डोळे मिटून बसायचा. आता उघडे ठेवतो. मागच्या आठवड्यात किन्हवलीपर्यंत जाऊन आलो.

आता हे पत्र कशासाठी, ते लिहितो. येत्या रविवारी मी तुला न्यायला येतोय. मुऱ्हाळी म्हणून, एकटा, तांदळाचं पोतं घेऊन. सातला निघेन, महिपतच्या हिशेबानं साडेनऊला पोचायला हवं, माझ्या हिशेबानं अकरा धर. सरळगावच्या नाक्यावर हॉर्न वाजवीन आणि तुझ्या गावात शिरल्यावर सारखा वाजवत येईन, वाण्याच्या दुकानापुढं तर थांबून वाजवीन, ज्यांनी ज्यांनी तुला ते नाव घेऊन हाक मारली त्या सगळ्यांना बाहेर येऊन बघू दे. तुला यावंसं वाटलं तर बॅग भर, नाही वाटलं तर भरू नकोस, मी काही म्हणणार नाही. पण एक अडचण तुला आधीच सांगून ठेवतो. फियाटचा मागचा गिअर मला अजून पडत नाही. दहादा ढकलला तर एकदा पडतो, तोही माझ्या मनात नसताना. तुझी गल्ली पुढं बंद आहे. तुझ्या जीवनला गाडी फिरवता येते असं रुचिता म्हणाली, तेव्हा त्याला त्या दिवशी कुठं पाठवू नकोस. आणि राग आला म्हणून तू दार लावून घेतलंस, जीवनलाही आत ओढून घेतलंस, तर मी आणि फियाट दोघंही तुझ्या अंगणातच मुक्कामाला. मग येणाऱ्याजाणाऱ्याला काय सांगायचं ते तुझं तू बघ.

तुझाच धाकटा,
चंदर